नव्वद माझे, तीस त्यांचे

मागच्या गुरुवारी मला ऑफर लेटर आलं. नव्या कंपनीचं नाही हां, जिथे अडीच वर्षं काम करतेय तिथलंच, तीच टीम, तीच खुर्ची, तोच मॉनिटर ज्याच्या डाव्या कोपऱ्यात एक उभी हिरवी रेघ आहे, फक्त आता एजन्सीच्या पेरोलवरून कंपनीच्या पेरोलवर जायचं. आयटीबाहेरच्यांसाठी सांगते, सीटूएच म्हणून एक प्रकार असतो, कॉन्ट्रॅक्ट टू हायर, सहा महिने एजन्सीमार्फत ठेवतो, काम आवडलं तर घेतो असं बोलणं झालेलं असतं. माझे सहा महिने अडीच वर्षं चालले. आयकार्डची दोरी आमची केशरी आणि पर्मनंटवाल्यांची निळी, कँटीनच्या रांगेत लांबूनच कळतं कोण कुठला, आणि दिवाळीत निळ्या दोऱ्यांना ड्रायफ्रूटचे डबे मिळतात तेव्हा तर फारच कळतं.

घरी आनंदीआनंद. आईने देवापुढे साखर ठेवली, फॅमिली ग्रुपवर अभिनंदनाचे हार-तुरे सुरू झाले, आणि आत्याने फोन करून विचारलं, "लागलीस का गं एकदाची?" जणू काही इतकी वर्षं मी घरी बसून शेंगा सोलत होते.

मी मात्र लेटर उघडल्या उघडल्या नोटीस हा शब्द सर्च केला. पगाराचा आकडा नंतर बघितला, खरंच. तिथे लिहिलं होतं की मी सोडलं तर नव्वद दिवसांची नोटीस द्यायची, आणि कंपनीने काढलं तर तीस दिवस, किंवा तीस दिवसांच्या बदली तीस दिवसांचा बेसिक, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार, कंपनीला जे योग्य वाटेल ते. मला लवकर जायचं असेल तर उरलेल्या दिवसांचे पैसे भरून जाता येईल पण तेही कंपनीची मर्जी असली तरच, आणि गंमत म्हणजे मी भरायचे तेव्हा हिशोब ग्रॉसवर, म्हणजे भत्त्यांसकट एकूण पगारावर, त्यांनी द्यायचे तेव्हा बेसिकवर. बेसिक म्हणजे ग्रॉसच्या जेमतेम निम्मा. एकाच पॅराग्राफमध्ये दोन वजनकाटे, आणि खाली माझ्या सहीसाठी रेघ.

आता तुम्ही म्हणाल सगळ्याच कंपन्यांत असंच असतं, त्यात काय एवढं. हो, असतं. पण मी दोन्हीकडचं खाऊन बसलेय, नऊ वर्षं पर्मनंट, मग पाच वर्षं कॉन्ट्रॅक्टवर, म्हणून हे सगळं एकदा लिहून काढायचंय.

पहिली नोकरी २०१२ ची, हिंजवडी फेज थ्री, तिथे पर्मनंट होते. पर्मनंट म्हणजे काय तर सहा महिन्यांचं प्रोबेशन संपल्यावर एक ईमेल आला की तुमची सर्व्हिस कन्फर्म झालेली आहे. तेव्हा नोटीस पिरियड साठ दिवसांचा होता, मग मध्येच एकदा पॉलिसी बदलून नव्वद केला, आमच्याकडून "आय अ‍ॅक्सेप्ट" वर क्लिक करून घेतलं, क्लिक केल्याशिवाय टाइमशीटच उघडत नव्हती. २०२१ ला सोडायचं ठरवलं तेव्हा बाहेर नुसता सुकाळ होता, सगळ्या कंपन्या माणसं ओढत होत्या, पण प्रत्येकाला माणूस पंधरा दिवसांत पाहिजे. नोकरीच्या साइटवर प्रोफाइलला "सर्व्हिंग नोटीस पिरियड" लावलं की दिवसाला वीस फोन, आणि "नव्वद दिवस" म्हटलं की समोरचा थंड. मग लोक काय करतात, हातात ऑफर नसताना आधी राजीनामा टाकतात, नोटीसमध्ये बसून एक ऑफर घेतात, ती दाखवून दुसरी, दुसरी दाखवून तिसरी, आणि नव्वदाव्या दिवशी चौथ्याच कंपनीत जॉइन होतात. पहिल्या तीन कंपन्या तीन महिने वाट बघून हात चोळत बसतात. मग त्या म्हणतात आम्हाला इमिजिएट जॉइनरच पाहिजे, आणि आपल्याकडची माणसं अशी पळू नयेत म्हणून आपला नोटीस पिरियड अजून कडक करतात. म्हणजे दुसऱ्याचा माणूस उद्या पाहिजे आणि स्वतःचा तीन महिने सोडायचा नाही. हे चक्र कुणी एकाने सुरू केलं नाहीये आणि कुणी एकटा थांबवू पण शकत नाही.

बरं, कायद्याने बघायला गेलं तर कंपनी तुम्हाला नव्वद दिवस खुर्चीला बांधून ठेवू शकत नाही. माझी एक शाळेतली मैत्रीण पुण्यात लेबरच्या केसेस लढते, तिने मला हे समजावलं, की अमुक माणसाने अमुक मालकाकडे काम करावंच अशी सक्ती कोर्ट करत नाही, स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टमध्येच तसं आहे, फार तर नुकसानभरपाई मागता येते. मग सगळे मुकाट्याने नव्वद दिवस का भरतात? तर रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कंपनीने रीतसर सोडल्याचं पत्र. ते एक पान नसलं की पुढच्या कंपनीचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन अडकतं. माझ्या मॅनेजरने ७१ व्या दिवशी सोडलं, तेही मी नॉलेज ट्रान्स्फरचे सगळे व्हिडिओ रेकॉर्ड करून दिले, वर उरलेल्या एकोणीस दिवसांचे पैसे भरले तेव्हा. निरोपाचा केक मात्र कंपनीच्या खर्चाने होता हे सांगायला पाहिजे.

त्याच कंपनीत त्याच्या आदल्या वर्षी आमच्या टीममधल्या एकाला काढलं होतं. बारा वर्षं झालेली त्याला. सकाळी साडेदहाला मीटिंग रूममध्ये बोलावलं, आत एचआरची मुलगी आणि एक माणूस ज्याला आम्ही कुणी कधी पाहिलं नव्हतं. पर्याय दोन, आत्ता बसल्या बसल्या राजीनामा टाइप कर म्हणजे दोन महिन्यांचा बेसिक आणि चांगलं एक्सपीरियन्स लेटर, नाहीतर टर्मिनेशन, मग पुढे कुठे नोकरी मिळते बघ. पावणेबाराला तो पार्किंगमध्ये होता, डबा तसाच डेस्कवर राहिलेला, तो मी संध्याकाळी वाकडला नेऊन दिला. वहिनींनी डबा घेतला आणि आधी वजनावरून ओळखलं की खाल्लेला नाहीये.

राजीनामाच का लिहून घेतात याचं कारण मला त्या वकील मैत्रिणीकडून नंतर कळलं. तेव्हा होता तो औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा, त्यातलं कलम २५ एफ, एक वर्ष सलग काम झालेल्या कामगाराला कपात म्हणून काढायचं तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि वर प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. शिवाय शेवटी आला तो आधी जाणार, आणि पुढे भरती निघाली तर काढलेल्याला आधी विचारायचं. बारा वर्षांचे हे सगळे हिशोब एका राजीनाम्याने पुसले जातात, कारण मग कागदावर तो स्वतःहून गेलेला असतो. आता आयटीतला इंजिनिअर "कामगार" आहे का यावर वाद घालतात, लेटरवर मॅनेजर लिहिलेलं असतं म्हणून लोकही आपण कामगार नाहीच असं धरून चालतात, पण कोर्ट हुद्द्याचं नाव बघत नाही, दिवसभर हा माणूस प्रत्यक्षात करतो काय ते बघतं. आमच्यातल्या निम्म्या "लीड" आणि "मॅनेजर" लोकांच्या हाताखाली एक माणूस नसतो. पण केस करणार कोण? पस्तीस लाखांचं लोन असलेला माणूस लेबर कोर्टात तारखा मोजत बसत नाही, दोन महिन्यांचा बेसिक घेतो आणि लिंक्डइनवर "ओपन टू वर्क" ची हिरवी पट्टी लावतो.

तेव्हा मला वाटलं की पर्मनंट राहून जर असंच होणार असेल तर निदान जास्त पैसे घेऊन अस्थिर राहू. २०२१ ला कन्सल्टंट म्हणून एका एजन्सीमार्फत लागले, पगार नाही, इन्व्हॉइस. आधीच्या हातात येणाऱ्या रकमेच्या दीडपट आकडा होता आणि मी खूश होते, फक्त त्या दीडपटीत काय काय माझं मला भरायचं होतं ते हळूहळू कळत गेलं. पीएफमधला कंपनीचा बारा टक्के वाटा गेला. ग्रॅच्युइटी गेली, जी तशीही कंपन्या सीटीसीमध्ये, म्हणजे आपल्यावरच्या एकूण खर्चाच्या आकड्यात, बेसिकच्या ४.८१ टक्के म्हणून आपल्याच पॅकेजमध्ये मोजून दाखवतात आणि पाच वर्षं व्हायच्या आत गेलात तर स्वतःकडे ठेवतात. मेडिकल इन्शुरन्स स्वतःचा, आईवडिलांचा तर प्रीमियम बघूनच आजारी पडायला होतं. सुट्टी म्हणजे बिनपगारी, गणपतीत चार दिवस गावाला गेले त्याचे पैसे कापले गेले तेव्हा मोदक जरा महागच पडले. प्रत्येक इन्व्हॉइसमधून दहा टक्के टीडीएस, आणि पैसे पंचेचाळीस दिवसांनी. बँकेत होम लोनला गेलो तर तिथला माणूस माझा आकडा बघून हसला आणि नवऱ्याचा आकडा बघून सिरियस झाला, माझा मोठा असून. माझ्याकडून दोन वर्षांचे रिटर्न मागितले, त्याच्याकडून तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा. तो पर्मनंट ना. लोन त्याच्या स्लिपांवर झालं, हप्ता माझ्या इन्व्हॉइसवर जात होता.

मग फेब्रुवारी २०२३, शुक्रवार, पावणेपाच. सोमवारी सॉफ्टवेअरचा रिलीज होता, मी रिग्रेशनच्या, म्हणजे त्याआधीच्या टेस्टिंगच्या, मधोमध, आणि एजन्सीच्या मुलीचा फोन. ती एरवी टाइमशीटसाठी करायची. "मॅम, क्लायंटने रिक्वायरमेंट क्लोज केलीये." आमच्यात माणूस काढला असं कुणी म्हणत नाही, रिक्वायरमेंट क्लोज होते, जणू मी दुकानातली खिडकी. मी म्हटलं ठीके, तीस दिवसांची नोटीस आहे ना अ‍ॅग्रीमेंटमध्ये. ती म्हणाली हो मॅम, पण क्लॉज चौदा बघा ना. क्लॉज नऊमध्ये दोन्हीकडून तीस दिवस होते, आणि पाच क्लॉज खाली चौदामध्ये लिहिलेलं की क्लायंटची वर्क ऑर्डर ज्या दिवशी संपेल त्या दिवशी हेही आपोआप संपेल. मी सोडलं असतं तर तीस दिवस भरावेच लागले असते. सहा वाजता लॉगिन बंद झालं, सोमवारच्या रिलीजचं काय झालं मला अजून माहीत नाही आणि खोटं कशाला बोलू, काहीतरी फुटलं असेल तर बरं वाटेल.

तीन महिने घरी होते. त्या काळात आतेभावाशी बोलणं वाढलं आणि तिथे मला कळलं की आमचं हे जे आहे ते श्रीमंतांचं कंत्राट आहे.

तो चाकणला असतो, म्हाळुंग्याच्या बाजूला, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात. आयटीआय फिटर, हात असा की घरातलं काहीही बिघडलं तर आधी त्याला फोन. अकरा वर्षांत त्याने सहा कंपन्या आणि नऊ ठेकेदार बघितलेत. त्याच्या भाषेत नोटीस पिरियड हा शब्दच नाही, तिथे "ब्रेक" असतो. सात महिने काम, मग ब्रेक. "ताई, सात महिने झाले की सुपरवायझर सांगतो उद्यापासून येऊ नको, आणि गेटवर कार्ड चालत नाही." आणि सातच का? तर २४० दिवस. वर्षात २४० दिवस भरले की कायद्याने ते सलग वर्ष धरतात, मग ती नोटीस, ती भरपाई सगळं लागू होतं, आणि महाराष्ट्रात तर मॉडेल स्टँडिंग ऑर्डर्समध्ये, म्हणजे नोकरीच्या नमुना नियमांत, इतकी वर्षं सरळ लिहिलेलं होतं की टेम्पररी किंवा बदली कामगाराचे बारा महिन्यांत २४० दिवस सलग भरले की त्याला लेखी ऑर्डर देऊन पर्मनंट करायचं. पगारी सुट्ट्या आणि रविवारसुद्धा त्या २४० मध्ये धरायचे असं सुप्रीम कोर्टाने १९८५ लाच सांगून ठेवलंय. म्हणून सात महिने, म्हणजे रविवार धरून २१० च्या आसपास, तीसेक दिवस हातचे राखून. कायदा कामगाराला पाठ नसतो पण तो मोडायचा कसा हे टाइम ऑफिसला तोंडपाठ असतं. आपल्या राज्याचा १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा आहे त्यात हा प्रकार शब्दाशब्दाने लिहिलाय, की पर्मनंटचे हक्क मिळू नयेत म्हणून लोकांना वर्षानुवर्षं बदली, कॅज्युअल, टेम्पररी ठेवणं ही अनुचित प्रथा. म्हणजे १९७१ ला ज्याने हे लिहिलं त्याला आमच्या आतेभावाचं आयुष्य आधीच दिसलं होतं.

ठेकेदारामार्फत असेल तर आणखी वेगळी गंमत. तो कंपनीचा माणूसच नाही. मशीन कंपनीचं, सुपरवायझर कंपनीचा, चुकीला शिव्या कंपनीच्या, पण स्लिपवर ठेकेदाराचं नाव, ते पण दर वर्षी बदलणारं. एका जमान्यात सुप्रीम कोर्ट म्हणायचं की जिथे कंत्राटी पद्धत बंद केली तिथले कामगार आपोआप कंपनीचे, २००१ ला पाच न्यायाधीशांच्या बेंचने ते फिरवलं, आपोआप कुणी पर्मनंट होणार नाही, कंत्राट नुसतं कागदोपत्री आहे हे सिद्ध केलं तर बघू. ते सिद्ध करायचं कुणी, सात महिन्यांनी गेटबाहेर असलेल्याने. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा होताच, पण तो वीस माणसं लावणाऱ्या ठेकेदारापासून लागू व्हायचा, महाराष्ट्राने तो आकडा पन्नास केला. मग एकोणपन्नास माणसांचे ठेकेदार किती असतील ते तुम्हीच समजा. आणि काही वेळा तर तो ठेकेदाराचा पण नसायचा, "नीम ट्रेनी" असायचा, म्हणजे नीम नावाच्या सरकारी प्रशिक्षण योजनेतला शिकाऊ. तिशी उलटलेला, दोन पोरांचा बाप, आणि कार्डावर ट्रेनी. पगाराला स्टायपेंड म्हणायचं, पीएफ नाही.

एकदा ठेकेदार दोन महिन्यांचे पैसे न देता गायब झाला. मी त्याला सांगितलं की ठेकेदाराने नाही दिले तर मूळ कंपनीने द्यायचे असा कायदाच आहे, लेबर ऑफिसला अर्ज दे. दिला, आमच्या मैत्रिणीने लिहून दिला. सगळे नाही पण दीड महिन्याचे मिळाले, आणि त्या कंपनीत परत कधी बोलावलं नाही. मग आम्ही उमंग अ‍ॅपवर त्याचा पीएफ बघायला बसलो तर चार वेगवेगळे यूएएन नंबर, म्हणजे पीएफचा जो नंबर माणशी एकच असायला हवा तो. प्रत्येक नव्या ठेकेदाराने नवा काढलेला. एका नंबरावर वडिलांचं नाव चुकलेलं, एकावर जन्मतारीख १ जानेवारी. चौथ्यावर आठ महिन्यांची कपात स्लिपला होती पण पासबुकात एक रुपया नाही. तुमच्या घरी, ओळखीत कुणी असं ठेकेदारीत असेल तर प्लीज एवढं एक करा, त्यांचा पीएफ पासबुक उघडून द्या, नोकरी चालू असतानाच.

नानांना हे सांगितलं तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. नाना म्हणजे माझे वडील, कोरेगाव तालुक्यातून १९७९ ला भोसरीत आले. त्यांचे थोरले भाऊ, आमचे काका, त्याआधीच लालबागला गिरणीत, बदली कामगार. बदली म्हणजे रोज पाळीच्या वेळी गिरणीत जाऊन उभं राहायचं, आज कोण आलं नाही ते बघून जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बदलीवाल्यांना आत घेणार, उरलेले घरी. बिनपगारी. आम्ही आयटीत बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टशिवाय पगारावर, बसलो की डिप्रेशनमध्ये जातो, काकांचा बेंच रस्त्यावर होता आणि त्याचे पैसे मिळत नव्हते. सहा वर्षं बदलीत काढून पर्मनंट झाले ते १९८१ ला, आणि १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख गिरणी कामगार बाहेर. काकांची पर्मनंट नोकरी अशी जेमतेम वर्षभराची. पण शेवटपर्यंत कुणी विचारलं की सांगायचे, "मी पर्मनंट होतो." होतो.

नानांचं बरं चाललं, बावीस वर्षं एकाच गेटातून आत-बाहेर. युनियन होती, अ‍ॅग्रीमेंट व्हायची, पेढे यायचे. शंभरावर कामगार असले की कपात करायला सरकारची परवानगी आणि तीन महिन्यांची नोटीस लागायची, त्यामुळे मालक काढत नव्हता, व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, आणत होता. २००१ ला नोटीस बोर्डावर स्कीम लागली, पाच लाखांपर्यंत टॅक्स माफ असं मोठ्या अक्षरात. नाना म्हणतात, "घेणाऱ्याला खुर्ची, न घेणाऱ्याला स्टोअरमधल्या भंगाराची यादी." त्यांनी आधी भंगाराची यादी केली. चार महिने. मग घेतली.

आता ते शंभर तीनशे झालेत. २०२५ च्या नोव्हेंबरच्या २१ तारखेला जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार नवे लेबर कोड लागू झाले त्यात. कारखाने, खाणी, मळे यांनाच ती परवानगीची भानगड, आमच्या काचेच्या बिल्डिंगांना तेव्हाही नव्हती आणि आताही नाही. चांगलं पण आहे काही काही, प्रत्येकाला अपॉइंटमेंट लेटर द्यायचंच, नोकरी सुटली की दोन कामाच्या दिवसांत पगाराचा हिशोब चुकता करायचा, म्हणजे ते पंचेचाळीस दिवस एफ अँड एफची, म्हणजे शेवटच्या हिशोबाची, वाट बघणं संपायला हवं, आणि ठरावीक मुदतीवर घेतलेल्याला पाच वर्षं न थांबता एका वर्षावर ग्रॅच्युइटी. पण मुदत संपली म्हणून गेलेला माणूस कपातीत धरत नाहीत, ते १९८४ च्या दुरुस्तीपासून तसंच आहे, कोडमध्ये पण तसंच. म्हणजे काढायची गरजच नाही, नुसतं रिन्यू करायचं नाही. आमच्या केशरी दोरीतली एक मुलगी सात महिन्यांची गरोदर होती तेव्हा तिचं कॉन्ट्रॅक्ट एक एक महिन्याने वाढवत होते, का ते सगळ्यांना कळत होतं. आणि २०२३ च्या ऑगस्टमध्येच सुप्रीम कोर्टाने दिल्लीतल्या कॉन्ट्रॅक्टवरच्या एका डॉक्टर बाईंच्या केसमध्ये सांगितलंय की कॉन्ट्रॅक्ट मध्येच संपलं तरी मॅटर्निटीचे पूर्ण २६ आठवड्यांचे पैसे द्यावेच लागतील. मी ती बातमी तिला फॉरवर्ड केली. तिने एजन्सीला मेल टाकला. मिळाले तिला, सव्वीस आठवड्यांचे, आणि मग रिन्यू झालं नाही.

सरकारी नोकरीवाल्यांना वाटेल आपलं तसं नाही, तर त्यांच्याकडे पण शिक्षणसेवक आहेत, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक आहेत, २०२३ ला सरकारने नऊ एजन्स्यांमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर काढला होता तो पोरं रस्त्यावर आल्यावर ऑक्टोबरात मागे घ्यावा लागला. आमच्या लग्नाळू भाच्याच्या बायोडेटावर अजून पहिलाच प्रश्न "पर्मनंट आहे का".

असो. तर माझं लेटर. मी एचआरला मेल केला की नोटीस दोन्हीकडून साठ-साठ करा, आणि बायआऊट, म्हणजे उरलेल्या नोटीसचे पैसे, दोन्हीकडून एकाच गोष्टीवर, बेसिक तर बेसिक, ग्रॉस तर ग्रॉस. फोन आला, मुलगी फार गोड होती, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असेल. "मॅम, हे स्टँडर्ड टेम्प्लेट आहे, चेंज करत नाही कुणासाठी." मी म्हटलं तुमच्या लेटरमध्ये पण हेच आहे का? ती थोडी थांबली आणि म्हणाली, "मॅम, मी थर्ड पार्टी पेरोलवर आहे."

मग आम्ही दोघी जरा वेळ हसलो. तिने खरंच पुढे पाठवलं असावं कारण सोमवारी नवीन लेटर आलं, माझे नव्वदचे साठ झाले. त्यांचे तीस तीसच राहिले, ग्रॉस-बेसिक पण तसंच. मी सही केली. हप्ता आहे, नानांची अँजिओप्लास्टी झालीये आणि ग्रुप इन्शुरन्समध्ये आईवडील बसतात, जुन्या आजारासकट. या एका ओळीसाठी मी बाकीची दहा पानं सही केली असती, केलीच.

रविवारी नानांना प्रिंट काढून दाखवलं, त्यांना स्क्रीनवर वाचायला आवडत नाही. अकरा पानं, अंगठ्याला थुंकी लावून एक एक पान, चष्मा वर-खाली. मराठी मीडियमचे असले तरी कंपनीची पत्रं वाचून वाचून त्यांना इंग्लिश अ‍ॅग्रीमेंट बरोब्बर कळतं. शेवटी म्हणाले, "यात पर्मनंट कुठं लिहिलंय?" मी म्हटलं असणार की, द्या इकडे. शोधलं. मग लॅपटॉपवर सर्च करून शोधलं. अकरा पानांत पर्मनंट हा शब्द दोनदा आहे. एकदा पर्मनंट अकाउंट नंबर, पॅन कार्डचा. आणि एकदा पर्मनंट अ‍ॅड्रेस.

नानांनी चष्मा काढून घडी केली. "पत्ता तरी नीट टाकलास का?"

"गावचा टाकलाय," म्हटलं. "फ्लॅट अजून बँकेचाय."